उत्पन्न देणारी मालमत्ता: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी आमच्या गावच्या वाचनालयात रविवारी सकाळी घरच्या हिशेबाचा वर्ग घ्यायला लागलो. लोक चिठ्ठीवर प्रश्न लिहून देतात, काही जण फोनवर पाठवतात. जे प्रश्न सतत येतात, ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. व्याजदर २०२५ सालचे आहेत. अल्पबचतीचे दर सरकार दर तीन महिन्यांनी ठरवतं, त्यामुळे पैसे गुंतवायच्या दिवशी पोस्टात किंवा बँकेत चालू दर विचारून घ्या.

१. राहतं घर, गाडी, दागिने आहेत. मग माझ्याकडे मालमत्ता आहेच ना?

आहे. पण ती दरमहा पैसे आणते की दरमहा पैसे मागते, हे आधी बघायचं. राहतं घर डोक्यावर छप्पर देतं आणि त्याची किंमतही वाढते. मात्र घरपट्टी, दुरुस्ती आणि सोसायटीची देखभाल तुमच्याच पगारातून जाते. गाडीला पेट्रोल लागतं, विमा लागतो, आणि तिची किंमत वर्षागणिक उतरते. पोस्टातली मासिक प्राप्ती ठेव, भाड्याने दिलेला गाळा, चांगल्या कंपनीचे शेअर किंवा भाड्याने चालणारा ट्रॅक्टर यांचं तसं नाही. त्यांचा स्वतःचा खर्च भागून वर काही उरत असेल, तर ती उत्पन्न देणारी मालमत्ता.

एका वहीच्या पानावर दोन रकाने आखा: आणणाऱ्या वस्तू आणि मागणाऱ्या वस्तू. माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी हे करायला सांगतो. बहुतेकांच्या पहिल्या रकान्यात बचत खात्याशिवाय काही नसतं. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, सुरुवात सगळ्यांची तिथूनच होते.

२. पगार २५,००० आहे, महिनाअखेरीस काहीच उरत नाही. गुंतवणूक कशातून करू?

आधी तीन महिने प्रत्येक रुपया लिहा. चहा, रिचार्ज, देणगी, पाहुण्यांची सरबराई, काही सोडू नका. मग कर्जांकडे बघा. क्रेडिट कार्डाची थकबाकी वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ती फेडण्याइतका खात्रीचा परतावा कुठलीच गुंतवणूक देणार नाही, म्हणून पहिला पैसा तिकडे.

त्यानंतर तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम वेगळ्या खात्यात साठवा. घरच्यांसाठी आरोग्य विमा घ्या. तुमच्यावर कोणी अवलंबून असेल, तर साधा मुदत विमाही घ्या, ज्यात हप्ता परत मिळत नाही पण संरक्षण मोठं असतं. विमा आणि गुंतवणूक एकत्र बांधलेल्या पॉलिसीत बहुतेक वेळा दोन्ही अपुरं मिळतं, असं माझं स्पष्ट मत आहे. हे सगळं मार्गी लागल्यावर पगाराच्या दिवशी ५०० रुपये का होईना, बाजूला काढा. महिनाअखेरीला उरेल तेव्हा टाकू म्हटलं, तर ते उरत नाही.

३. लहान रकमेने खरंच काही होतं का?

होतं, पण वेळ लागतो. महिन्याला ५,००० रुपये १० टक्के परताव्याने वाढले असं धरा. १० वर्षांत तुमचे ६ लाख जातात आणि साधारण १०.२४ लाख होतात. तेच २० वर्षं चालू ठेवलं, तर तुमचे १२ लाख जातात आणि जवळपास ३८ लाख होतात. दुसऱ्या दहा वर्षांत तुम्ही घातले तेवढेच ६ लाख, पण रक्कम पावणेअठ्ठावीस लाखांनी वाढली. चक्रवाढीचं जोर धरणं हे असं उशिरा दिसतं, आणि नेमके त्याच्या आधीच लोक पैसे काढून घेतात. (१० टक्के ही हिशेबापुरती धरलेली संख्या आहे, हमी नाही. प्रश्न ८ पाहा.)

तोंडी हिशेबासाठी ७२ ला दराने भागा. पीपीएफच्या (सरकारची दीर्घ मुदतीची बचत योजना) ७.१ टक्क्यांनी पैसे सुमारे १० वर्षांत दुप्पट होतात. महागाई ६ टक्के असेल, तर १२ वर्षांत आजच्या शंभराची खरेदीशक्ती पन्नासावर येते. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहून ठेवा.

४. जोखीम नको, दरमहा ठरलेली रक्कम हवी. कुठे ठेवू?

पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत एकट्याला ९ लाख आणि संयुक्त खात्यात १५ लाख ठेवता येतात. ७.४ टक्क्यांनी ९ लाखांवर महिन्याला ५,५५० रुपये येतात. मुदत ५ वर्षं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा ३० लाख, दर ८.२ टक्के, आणि व्याज दर तिमाहीला मिळतं. रिझर्व्ह बँकेच्या बदलत्या दराच्या बचत रोख्यांची मुदत ७ वर्षं. त्यांचं व्याज १ जानेवारी आणि १ जुलैला मिळतं, पण मधेच पैसे काढणं अवघड असतं.

बँक ठेवीला विम्याचं संरक्षण आहे. एका बँकेत एका ठेवीदाराचे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून वाढवली. एकाच बँकेच्या तीन शाखांत ठेवी असल्या, तरी त्या एकत्रच मोजल्या जातात. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे. या सगळ्या साधनांतली उणीव एकच: आज येणारे ५,५५० पुढच्या महिन्यातही ५,५५० च असतात, किराणा मात्र महागलेला असतो.

५. गावातली पतसंस्था बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त देते. चालक ओळखीचे आहेत. ठेवू का?

पतसंस्था ही बँक नाही, आणि प्रश्न ४ मधला ५ लाखांचा ठेव विमा तिला लागू नाही. संस्था अडचणीत आली, तर सहकार खात्याच्या कार्यवाहीची वाट बघावी लागते. त्यात वर्षं जातात. अनेक पतसंस्था नीट चालतात, आणि गावाच्या कर्जाची गरज त्याच भागवतात, हे मी मान्य करतो. पण ओळख हे तारण होत नाही. संस्थेचा वार्षिक अहवाल मागा, थकीत कर्जांचं प्रमाण बघा, लेखापरीक्षणात संस्थेला कुठला वर्ग मिळाला ते विचारा. आणि जी रक्कम दोन वर्षं अडकली तरी घर थांबणार नाही, तेवढीच ठेवा. लेकीच्या लग्नाचे किंवा ऑपरेशनचे पैसे तिथे ठेवू नका.

६. पुण्यात दुसरा फ्लॅट घेऊन भाड्याने दिला तर? सगळे म्हणतात जागेसारखं काही नाही.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. यात लोकांची आयुष्यभराची कमाई गुंतते, म्हणून पूर्ण हिशेबच मांडतो. आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे घालून बघा.

फ्लॅटची किंमत ६० लाख. ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ४.२० लाख आणि नोंदणी ३०,००० धरून ६४.५० लाख. भाडं १६,०००, म्हणजे वर्षाचे १,९२,०००. त्यातून सोसायटीची देखभाल ३०,०००, मिळकत कर १२,०००, एक महिना फ्लॅट रिकामा राहिला म्हणून १६,०००, रंगरंगोटी, नळदुरुस्ती आणि एजंट मिळून १४,०००. उरले १,२०,०००. गुंतवलेल्या रकमेवर हा परतावा दोन टक्क्यांपेक्षाही कमी आहे, आणि आयकर अजून धरलेलाच नाही. (भाड्यातून मिळकत कर वजा करून उरलेल्या रकमेवर दुरुस्तीसाठी म्हणून सरसकट ३० टक्के सूट मिळते, मग खर्च प्रत्यक्ष झालेला असो वा नसो.)

आता कर्ज काढून घेतलं असं धरा. ४५ लाख, ८.५ टक्के, २० वर्षं. हप्ता सुमारे ३९,०००. फ्लॅट महिन्याला निव्वळ १०,००० आणतो आणि ३९,००० मागतो. उरलेले २९,००० तुमच्या पगारातून जातात. म्हणजे पहिली काही वर्षं हा फ्लॅट प्रश्न १ मधल्या दुसऱ्या, मागणाऱ्या वस्तूंच्या रकान्यातच राहील. किंमत वाढेल या आशेवर तो घेतला जातो, आणि ती वाढेलही. फक्त तिला भाड्याचं उत्पन्न म्हणू नका, आणि ती हातात यायला फ्लॅट विकावा लागतो हे लक्षात ठेवा. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या गाळ्याचं किंवा वसतिगृहाजवळच्या खोल्यांचं गणित बऱ्याचदा याहून बरं येतं, कारण जागेची किंमत कमी असते आणि भाडं त्या मानाने जास्त.

घेतलाच, तर दोन गोष्टी चुकवू नका. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे आणि ती घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, ते खोटं ठरवण्याचा भार तुमच्यावर येतो. अकरा महिन्यांच्या करारालाही हे लागू आहे. दुसरं म्हणजे, फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सहकारी सोसायटी जो बिनभोगवटा आकार लावते, तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. कोणी दुप्पट देखभाल मागत असेल, तर लेखी विचारा.

७. माझ्याकडे जेमतेम लाख रुपये आहेत. भाड्याचं उत्पन्न मिळण्याचा काही मार्ग?

रीट आहेत. कार्यालयांच्या इमारती किंवा मॉल यांची मालकी असलेला हा न्यास असतो, आणि त्याचे भाग शेअर बाजारात विकत घेता येतात. भारतात पहिला रीट २०१९ मध्ये बाजारात आला. नियमानुसार बहुतांश मालमत्ता तयार आणि भाडं देणारी असावी लागते, आणि वाटपायोग्य रोकडीचा किमान ९० टक्के हिस्सा भागधारकांना द्यावा लागतो. भाडेकरूमागे धावायला नको, एजंट नको. भागांची किंमत मात्र रोज वरखाली होते, आणि येणाऱ्या रकमेत व्याज, लाभांश वगैरे वेगवेगळे घटक असल्याने कराचा हिशेब किचकट होतो. डीमॅट खातं (शेअर ठेवण्याचं खातं) लागतं.

८. शेअर म्हणजे जुगार असं वडील म्हणतात. खरं काय?

वडिलांनी तसं काही पाहिलं असणार. कोणी तरी सांगितलं म्हणून घेतलेला आणि आठवड्यात विकलेला शेअर जुगाराच्या जवळच जातो. वायदे आणि ऑप्शन्समध्ये (पुढच्या तारखेच्या भावावर केलेले सौदे) तर सामान्य माणसाने उतरूच नये. वैयक्तिक व्यवहार करणाऱ्या दर दहांपैकी सुमारे नऊ जणांचं त्यात नुकसान होतं, हे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच अभ्यास करून सांगितलं आहे.

पण शेअर म्हणजे कंपनीतला मालकी हक्क. कंपनीने नफा कमावला, तर लाभांश आणि वाढलेली किंमत यांतून त्याचा वाटा तुम्हाला मिळतो. एकेक कंपनी तपासायला वेळ नसेल, तर निर्देशांक फंड घ्या. त्यात निफ्टी या निर्देशांकातल्या ५० मोठ्या कंपन्यांत तुमचा पैसा विभागला जातो आणि खर्च कमी असतो. थेट योजना निवडा. मध्यस्थाचं कमिशन असलेल्या योजनेपेक्षा परताव्यात एक टक्क्याचा जरी फरक पडला, तरी प्रश्न ३ मधल्या उदाहरणात २० वर्षांनी ३८ ऐवजी साधारण ३३.४ लाखच हातात येतात.

पडझडीची तयारी मात्र हवी. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या वर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ८ हजारांच्या आसपास आला होता. त्या महिन्यांत बँकेच्या काउंटरवर मी घाबरून फंड मोडणारी माणसं पाहिली. त्यांचे चेहरे अजून आठवतात. पुढच्या पाच-सात वर्षांत लागणारे पैसे इथे ठेवू नका, एवढं पाळलं तर तशी वेळ सहसा येत नाही.

९. सोनं?

घरात थोडं असावं. अडीअडचणीला तारण ठेवून त्याच दिवशी कर्ज मिळतं, आणि आपल्याकडच्या कित्येक बायकांची स्वतःची म्हणावी अशी तेवढीच मालमत्ता असते. पण दागिना उत्पन्न देत नाही, आणि मोडताना घडणावळ परत मिळत नाही. वर्षाला २.५ टक्के व्याज देणारे सरकारी सुवर्णरोखे होते, पण फेब्रुवारी २०२४ नंतर त्यांची नवी विक्री झालेली नाही. जुने रोखे शेअर बाजारात मिळतात.

१०. म्हैस घ्यावी म्हणते. हीसुद्धा उत्पन्न देणारी मालमत्ताच ना?

नक्कीच, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं मला कौतुक वाटलं. आमच्या भागात शेअरपेक्षा गोठ्याचा हिशेब कितीतरी घरांना जवळचा आहे.

उदाहरण धरू. म्हैस १ लाखाची. सरासरी ७ लिटर दूध, २८० दिवस, डेअरीचा दर ५५ रुपये. वर्षाचे १,०७,८००. वैरण आणि पेंड मिळून रोजचे २०० रुपये, आणि म्हैस आटल्यावर भाकड दिवसांतही तिला खायला लागतंच, म्हणून ३६५ दिवसांचे ७३,०००. डॉक्टर, औषधं आणि जनावराचा विमा ८,०००. उरले २६,८००. आता यात तुमचे रोजचे तीन तास घाला: शेण, वैरण, धार. वर्षाचे १,०९५ तास. तासाला साडेचोवीस रुपये पडले. म्हणजे ही कमाई मालमत्तेची कमी आणि तुमच्या कष्टांची जास्त आहे, तीही अपुऱ्या मजुरीत.

हेच गणित दोन गोष्टींनी पालटतं. ऊस किंवा मका घरचा असेल, तर वाढं आणि हिरवा चारा विकत घ्यावा लागत नाही. आणि दूध डेअरीला न घालता घरोघर रतीब लावला, किंवा खवा-तूप केलं, तर दर वाढतो. शेणखत आपल्याच रानात गेलं, तर खताचा खर्चही वाचतो. तेव्हा आधी चाऱ्याची सोय, मग म्हैस. विमा टाळू नका. दावणीला एकच जनावर असताना ते गेलं, तर कर्ज तेवढं मागे राहतं. पिठाची गिरणी, शिलाई यंत्र, मांडवाचं सामान, सगळ्याला हाच तक्ता वापरा आणि स्वतःच्या तासांची किंमत त्यात लिहा.

एक बारकावा: शेतीचं उत्पन्न आयकरमुक्त आहे, पण दूधधंद्याचं उत्पन्न शेतीचं धरलं जात नाही.

११. शेतजमीन घेऊन खंडाने द्यावी का?

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचे अपवाद सोडले, तर कूळ कायद्याचं कलम ६३ ते अडवतं. ‘शेतकरी दाखला काढून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. बनावट दाखल्यावरचा व्यवहार रद्द होऊ शकतो. वडिलोपार्जित जमीन असेल, तर खंड किंवा वाटा ठरवताना दरवर्षी लेखी करा आणि सातबाऱ्यावरचे पीकपाहणी आणि इतर हक्क हे रकाने वर्षातून एकदा बघा. कुळाच्या नोंदींचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चाललेले आहेत.

१२. बायकोच्या नावावर ठेव ठेवली तर कर वाचतो का?

नवऱ्याने दिलेल्या पैशांतून बायकोला मिळणारं व्याज, भाडं किंवा लाभांश नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो. सुनेला दिलेल्या पैशांचंही तसंच. अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलांच्या नावची ठेव सहसा आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात धरली जाते. अपवाद लक्षात ठेवा: त्या व्याजाची पुन्हा गुंतवणूक केली, तर व्याजावरचं व्याज बायकोचंच. तिच्या स्वतःच्या कमाईतून किंवा माहेरहून आलेल्या पैशांतून केलेली गुंतवणूकही तिचीच. म्हणून दोन्ही पैसे वेगवेगळ्या खात्यांत ठेवा. सज्ञान मुलाला किंवा आईवडिलांना दिलेल्या रकमेला हा नियम लागू नाही.

कर वाचो न वाचो, बायकोच्या नावावर मालमत्ता असावी, असं मला मनापासून वाटतं.

१३. नॉमिनी लावला आहे. मग मृत्युपत्राची गरज काय?

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. तो पैसे ताब्यात घेतो आणि कायदेशीर वारसांच्या वतीने सांभाळतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. मोठ्या भावाचं नाव नॉमिनी म्हणून लावलं आणि बायको-मुलांना कोर्टात जावं लागलं, अशी प्रकरणं मी जवळून पाहिली आहेत. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी मृत्युपत्र करता येतं. नोंदणी सक्तीची नाही, केली तर बरी.

१४. मुलगा परदेशी असतो. त्याच्यासाठी हेच सगळं लागू आहे का?

पूर्णपणे नाही. अनिवासी भारतीयाला नवं पीपीएफ खातं काढता येत नाही, पोस्टाच्या योजनाही त्याला बंद आहेत. जुनं पीपीएफ खातं मुदतीपर्यंत चालतं. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने येऊ शकते. त्याचा इथला फ्लॅट भाड्याने असेल, तर भाडं कितीही लहान असलं तरी भाडेकरूने कर कापून भरायचा असतो, तोही ३० टक्क्यांहून जास्त दराने. जास्तीचा कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळतो. मुलगा अमेरिकेत असेल, तर भारतीय म्युच्युअल फंड घेण्याआधी तिथल्या करसल्लागाराला विचारू द्या. तिथे त्यांवरचे नियम फार जाचक आहेत.

१५. महिन्याला ५ टक्के देणारी योजना आहे. पहिले तीन हप्ते मिळालेही. अजून घालू का?

घालू नका, आणि जमेल तेवढे काढून घ्या. महिन्याला ५ टक्के म्हणजे वर्षाला ६० टक्के. पहिले हप्ते मागून आलेल्यांच्या पैशांतूनच देता येतात, म्हणून ते मिळणं हा पुरावा नाही. नव्वदच्या दशकात सागवानाच्या झाडांच्या अशाच योजना होत्या, पुढे इमू पक्ष्यांच्या आल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दागिने आणि खड्यांवर आठवड्याला परतावा देणाऱ्या दुकानांपुढे लोक रडताना दिसले. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर तक्रार करा, आणि पोलिसांत ठेवीदार हितसंरक्षण कायदा, १९९९ (एमपीआयडी) खाली गुन्हा नोंदवा. लाज वाटून गप्प बसू नका. तुम्ही बोललात, तर शेजारच्याचे पैसे वाचतील.

१६. आई ६६ वर्षांची आहे. बाबांच्या माघारी तिला १८ लाख मिळाले. प्रत्येक नातेवाईक वेगळं सांगतो. काय करावं?

पहिले तीन महिने काहीच करू नका. रक्कम तिच्या बचत खात्यात किंवा लहान मुदतीच्या ठेवींत, किमान चार बँकांत विभागून राहू द्या (प्रश्न ४ मधली ५ लाखांची मर्यादा आठवा). कोणालाही हातउसने नाही, एकरकमी विमा पॉलिसी नाही, फ्लॅटचं बुकिंग नाही.

मग १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५० येतील, म्हणजे महिन्याला सव्वादहा हजार. उरलेले ३ लाख दवाखान्यासाठी मोडता येतील अशा ठेवीत. तिला निवृत्तिवेतनही असेल, तर १५ ऐवजी १२ लाख योजनेत ठेवून ३ लाख निर्देशांक फंडात हळूहळू घालता येतील, म्हणजे सत्तरी-पंचाहत्तरीतल्या महागाईला थोडा आधार राहील. तिचं एकूण उत्पन्न करपात्र नसेल, तर तसं स्वयंघोषणापत्र दरवर्षी एप्रिलमध्येच द्या, नाही तर कर कापला जाऊन विवरणपत्राचा खटाटोप होतो.

आणि पासबुक तिच्याच कपाटात राहू द्या. व्याज कुठल्या तारखेला जमा होतं, हे तिला तिच्या हाताने वहीत लिहू द्या. एटीएमला पहिले दोन महिने तुम्ही सोबत जा, पण आकडे तिलाच दाबू द्या.